मोहोरावर घेतलेले सिनेमे

काका, सादर नमस्कार.

मी देवगड तालुक्यातला, वय ३८. घरची हापूसची दीडशे कलमं आहेत. मे संपला की हातात थोडे पैसे येतात आणि जूनपासून वेळच वेळ. गेली सहा वर्षं मी घरात सिनेमांच्या डिस्क जमवतोय. आमच्या वाडीत मोबाइलला रेंज आली तर आली, पावसात तीही नाही, म्हणून डीव्हीडी आणि ब्लू-रे. आता २१२ झाल्यात. त्यातल्या निम्म्याहून जास्त मी घेताना पाहिलेल्याच नव्हत्या. कुणी चांगलं म्हटलं, सेल लागला, 'शेवटच्या काही प्रती' असं दिसलं की हात शिवशिवतात. काही फार छान निघाल्या, काही अर्ध्यावर बंद केल्या आणि ६७ अजून फोडलेल्याही नाहीत. आई म्हणते, "रे, ह्या सगळा बघतलंस कधी?" बायको काही म्हणत नाही, पण पार्सल आलं की माझ्या हातात न देता फ्रीजवर ठेवून देते. आता एका परदेशी दिग्दर्शकाचा १४ सिनेमांचा ब्लू-रे संच १८ हजारांऐवजी ११ हजारांना मिळतोय. त्याचा एकही सिनेमा मी पाहिलेला नाही. सेल रविवारी संपतो. घेऊ का? आणि मुळात न पाहता सिनेमा विकत घेणं हा मूर्खपणा आहे का?

– एक आंबेवाला

नमस्कार आंबेवाले,

तुमच्या पत्रातलं फ्रीजचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्याच्याकडे शेवटी येतो. आधी मोठा प्रश्न, कारण त्याचं उत्तर छोटं आहे. नाही, मूर्खपणा नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे म्हणत नाहीये. मी रत्नागिरीत १९८७ पासून अठरा वर्षं व्हिडिओ लायब्ररी चालवली, आणि त्या अठरा वर्षांत विकत घेतलेल्या कॅसेटींपैकी आधी पाहिलेल्या किती असतील, तर हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्या. मुंबईच्या व्यापाऱ्याला एसटीडी बूथवरून फोन करायचा, तो सांगेल ती नावं कागदावर लिहायची, "प्रिंट कशी आहे?" एवढं विचारायचं आणि तो "एक नंबर" म्हणाला की पैसे पाठवायचे. पहाटेच्या एसटीने पार्सल यायचं. स्टँडवर उभ्या उभ्या पुठ्ठा फाडून मी कव्हरं बघायचो. आपण काय घेतलंय ते त्या क्षणापर्यंत मलाही ठाऊक नसायचं.

फसलो का? भरपूर. एकदा एका पोस्टरवर भुलून एकाच सिनेमाच्या पाच कॅसेट मागवल्या. पोस्टरवर हिरो घोड्यावर होता. सिनेमात घोडा नव्हताच, आणि हिरो अर्ध्या तासात मरत होता. त्या पाच कॅसेटींवर पुढे मी क्रिकेटचे सामने टेप केले.

पण हे तुम्हाला मी काय सांगायचं? तुमच्या धंद्यात तर दर वर्षी हेच चालतं. झाडावर नुसता मोहोर आहे, कैरी धरलेलीही नाही आणि व्यापारी येऊन अख्खी बाग घेऊन टाकतो. तुडतुडे पडतील, फुलकिडे येतील, अवकाळी पाऊस होऊन मोहोर काळा पडेल, कैरी वाटाण्याएवढी होऊन गळेल. हे सगळं त्याला माहीत असतं. म्हणून तर त्याला भाव कमी पडतो, आणि म्हणूनच तो गावातल्या सगळ्याच बागा मोहोरावर घेत नाही. दोन घेतो, बाकीचा माल फळ बघून घेतो. न पाहिलेल्या सिनेमाचा हिशोब यापेक्षा वेगळा नाही. तुमचं प्रमाण मात्र उलटं झालंय. पत्रात लिहिलंत, निम्म्याहून जास्त. एवढ्या बागा मोहोरावर घेणारा व्यापारी दोन हंगाम टिकत नाही. दहात तीन, माझ्या मते एवढं पुरे.

अजून एक तुमच्याच झाडावरचं. साका. वरून सोन्यासारखा पिवळा, देठाशी वास घमघमीत, आणि कापला की आत पांढरा भुसभुशीत गोळा. पेटी उघडून, हातात घेऊन, हुंगूनही तो कळत नाही, कापल्याशिवाय नाहीच. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने नीलम आणि हापूसचा संकर करून 'रत्ना' काढला. त्याला साक्याची भीती नाही, फळ मोठं, गोडही आहे. तरी गिऱ्हाईक हापूसच मागतं. दहात एक साका निघाला तरी चालेल, पण उरलेले नऊ हापूस हवेत. फक्त पाहिलेलेच सिनेमे घरी आणायचे असं जर तुम्ही ठरवलंत, तर तुमच्या कपाटात साका कधीच निघणार नाही. पण जो सिनेमा तुमच्या ओळखीचा नव्हता, ज्याचं नाव तुम्ही धड उच्चारू शकत नव्हता आणि जो बघून तुम्ही रात्री पडवीत नुसते बसून राहिलात, तोही कधी येणार नाही. असा एक तरी निघाला असेलच, "काही फार छान निघाल्या" असं तुम्हीच लिहिलंय.

मग चूक कुठे आहे? मोहोरावर बाग घेतली आणि तोडणीला आलाच नाही, असा व्यापारी तुम्ही बघितलाय? तुमच्या ६७ बागांची फळं झाडावर आहेत.

आता निवडीविषयी. न पाहता घ्यायचं तर कशाच्या भरवशावर? कव्हरच्या नाही, घोड्याची गोष्ट सांगितलीच. पाचपैकी सरासरी किती तारे, यावरही नाही. सरासरी ही कुणाचीच आवड नसते. हजार माणसांनी दिलेले साडेतीन तारे म्हणजे काहींना फार आवडला आणि काहींना मुळीच नाही असंही असेल, किंवा सगळ्यांना ठीकठाक वाटला असंही असेल, आणि या दोन सिनेमांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक माणूस शोधा. त्याची आवड तुमच्यासारखी असायला हवी असंही नाही, ती तुम्हाला ठाऊक असली म्हणजे झालं.

माझ्याकडे एक निवृत्त पोस्टमास्तर यायचे. त्यांना रडारड अजिबात चालायची नाही. कॅसेट अर्धी बघून, रिवाइंडही न करता दुसऱ्या दिवशी परत आणायचे आणि काउंटरवर आपटून म्हणायचे, "भिकार!" सुरुवातीला मला वाईट वाटायचं. मग लक्षात आलं, की ते ज्या कॅसेटला भिकार म्हणतात ती आमच्या आळीतल्या बायका महिनाभर जागेवर राहू देत नाहीत. पुढे मी त्यांना नवी कॅसेट मुद्दाम आधी फुकट द्यायला लागलो. ते चिडले की मी मुंबईला फोन करून आणखी दोन प्रती मागवायचो. इतका भरवशाचा समीक्षक मला पुन्हा मिळाला नाही. तेव्हा तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, ज्याच्या शिव्यासुद्धा तुम्हाला वाचता येतात, तर त्याला धरून ठेवा. सिनेमावर लिहिणारा एखादा चालेल, पण त्याचं लिहिलेलं आणि तुम्ही स्वतः पाहिलेलं असे निदान पाच-सहा सिनेमे आधी ताडून बघा. मगच त्याच्या शब्दावर पैसे टाका.

दिग्दर्शकाच्या नावावर घ्यायला हरकत नाही, पण दोन पाहिल्यावर तिसरा. छायाचित्रण करणाऱ्याच्या नावावर घेणारेही असतात, आणि मला ते जास्त शहाणे वाटतात. कथा फसली तरी डोळ्यांना काहीतरी मिळतंच.

पुरस्कारांचं थोडं वेगळं आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव'ला २०१७ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ जाहीर झालं. आपल्याच किनाऱ्यावर घडणारा सिनेमा. मी तो तीनदा पाहिला आणि चौथ्यांदाही बघेन. माझ्या मेव्हण्याला कासवाचं पिल्लू पाण्यात जाईपर्यंत झोप लागली होती. तो उठून म्हणाला, "चांगला आहे हो, पण एकदा बघण्यासारखा." आता हे वाक्य लिहून ठेवा, कारण संग्रह करणाऱ्याला यापेक्षा कामाचं वाक्य मिळणार नाही. बघण्यासारखा सिनेमा वेगळा आणि ठेवण्यासारखा वेगळा. पुरस्कार पहिल्याची हमी देतो, दुसऱ्याची देऊ शकत नाही. मला विचाराल तर ठेवण्यासारखा म्हणजे मधूनच, कुठल्याही प्रसंगापासून लावला तरी आपण उभ्याउभ्या दहा मिनिटं बघत राहतो तो. मोठा सिनेमा असावा लागतो असं नाही. माझ्या कपाटात दोन अगदी सुमार विनोदी सिनेमे आहेत जे मी मरेपर्यंत टाकणार नाही, आणि जगभर नावाजलेले निदान आठ मी वाटून टाकलेत.

सिनेमा न पाहता घेतलात तर एकवेळ ठीक. पण डिस्क न वाचता घेऊ नका. इथे मात्र मी कडक आहे, कारण ही फसवणूक पाठीमागची बारीक अक्षरं वाचून टाळता येते आणि बहुतेक जण ती वाचत नाहीत.

पहिली गोष्ट विभागाची. ब्लू-रेसाठी जगाचे ए, बी, सी असे तीन भाग केलेत. भारत सी मध्ये, अमेरिका आणि जपान ए मध्ये, ब्रिटन आणि बहुतेक युरोप बी मध्ये. डीव्हीडीचे आकडे वेगळे: आपला ५, अमेरिकेचा १, युरोप आणि जपानचा २. काही डिस्कवर ए, बी, सी ही तिन्ही अक्षरं असतात, त्या कुठेही चालतात. फोर-के डिस्कला विभागाचं बंधन नाही, पण तिला फोर-केचाच प्लेअर लागतो. स्वस्तातले डीव्हीडी प्लेअर बरेचदा कुठलाही विभाग निमूट चालवतात. ब्लू-रे प्लेअर तसे भोळे नसतात. नुसत्या ए ची डिस्क सी च्या प्लेअरमध्ये घातलीत तर पडद्यावर एक ओळ येईल आणि बाकी काही येणार नाही. तुमचा प्लेअर कुठला ते आजच बघा.

दुसरी, लांबी. मूळ सिनेमा किती मिनिटांचा आणि डिस्कवर किती, हे ताडून बघा. आपल्याकडच्या स्वस्त डिस्कांवर गाणी उडवलेली किंवा मधलाच तुकडा गायब, असं मी कितीदा तरी बघितलंय. पण एक सांभाळा. पाल या आपल्याकडच्या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो, कारण सेकंदाला २४ चौकटींनी काढलेला सिनेमा तिथे २५ ने पळतो. सहा मिनिटं कमी दिसली म्हणून लगेच दुकानदाराशी भांडू नका. वीस कमी दिसली तर भांडा.

तिसरी, चित्राची चौकट. रुंद पडद्याचा सिनेमा जुन्या चौकोनी टीव्हीसाठी दोन्ही बाजूंनी कापून डिस्कवर घालायची एके काळी सर्रास पद्धत होती. पाठीवर ४:३ लिहिलं असेल आणि सिनेमा रुंद पडद्याचा असेल, तर समुद्राच्या दृश्यात तुम्हाला अर्धाच समुद्र मिळणार. १९५० च्या आधीच्या बहुतेक सिनेमांना मात्र ती चौकोनी चौकटच मूळची आहे, तिथे घाबरू नका.

आणि उपशीर्षकं. परदेशी डिस्कवर असली तर बहुधा इंग्रजी असतात. घरात कोण कोण बसणार आहे, याचा विचार घेतानाच करा.

जुन्या मराठी सिनेमांबाबत तुम्हाला व्हीसीडीवर समाधान मानावं लागेल असं बऱ्याचदा होईल. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी बाजारात आणल्या, तेव्हा माझं दुकान बंद होऊन दोन वर्षं झाली होती, नाहीतर त्या दराने मीच बंद केलं असतं. भाड्यापेक्षा थोडे जास्त पैसे दिले की सिनेमा मालकीचा! त्या काळातला माल अजून गावोगावच्या जनरल स्टोअरमध्ये मागच्या फळीवर, बांगड्यांच्या खोक्यांशेजारी सापडतो. व्हीसीडीचं चित्र डीव्हीडीच्या साधारण पाव भाग बारकाव्याचं, एका सिनेमाला दोन-तीन तबकड्या, मध्येच उठून बदलायची. पण किंमत एवढी कमी, की इथे न पाहता खुशाल घ्या. फक्त डिस्क उलटी करून प्रकाशात धरा. कारखान्यात छापलेली असेल तर पाठ चंदेरी दिसते, दुहेरी थराच्या डीव्हीडीची किंचित सोनेरी. डीव्हीडीची पाठ जांभळट दिसली तर ती कुणीतरी घरी कॉम्प्युटरवर भाजलेली आहे. तिचं आयुष्यही कमी आणि पैसे सिनेमा काढणाऱ्याला पोचतही नाहीत. मी लायब्ररीवाला होतो, आमच्या धंद्याचे हात याबाबतीत फार स्वच्छ होते असं म्हणणार नाही. म्हणूनच सांगतोय.

आता त्या ६७. तुम्ही त्या नव्याकोऱ्या राहाव्यात म्हणून फोडत नसाल, तर आपल्या हवेत याचा उपयोग नाही. आवरणाच्या प्लास्टिकला बारीक भोकं असतात, आतला पुठ्ठा ओल धरतो, आणि एकदा आत बुरशी धरली की बाहेरून ती दिसतही नाही. माझ्या व्हीएचएस कॅसेटींना जुलैत पांढरी लव यायची. ती टेप चुकून लावली की व्हीसीआरचं हेड चिकटायचं आणि पुढच्या चार गिऱ्हाइकांच्या कॅसेटी खराब व्हायच्या. डिस्कला तितकं होत नाही, पण होतं. चमकणारा थर ॲल्युमिनियमचा असतो. कडेच्या सीलमधून ओल शिरली की तो गंजतो आणि डिस्कवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसायला लागतात.

शिवाय न फोडलेली डिस्क चालते की नाही हे तुम्हाला तरी कुठे माहीत आहे? छपाईतला दोष लावल्यावरच कळतो, आणि परत घेण्याची मुदत असते दिवसांची. तुमच्या त्या ६७ पैकी कित्येकांची मुदत कधीच संपली असणार. इथून पुढे पार्सल आलं की त्याच दिवशी फोडा. अख्खा सिनेमा बघायची गरज नाही. सुरुवात, शेवट आणि मधली दहा मिनिटं बघा. दुहेरी थराच्या डीव्हीडीत मधोमध कुठेतरी लेझर एका थरावरून दुसऱ्यावर जातो, अडखळली तर ती तिथेच अडखळते. मग तारीख टाकून वहीत नोंद करा.

वही ठेवाच. माझ्या लायब्ररीची लांब पाठकोरी वही होती, कोणी नेली, कधी आणली. तुमच्या वहीत तीन रकाने करा: कधी घेतली, कुणाच्या सांगण्यावरून घेतली, कधी पाहिली. वर्षभराने मधला रकाना वाचलात की कुणाचं ऐकायचं आणि कुणाचं नाही हे तुमचं तुम्हालाच दिसेल. 'सेल होता' हे उत्तर त्या रकान्यात किती वेळा येतंय, तेही दिसेल.

आणि कपाटाला तुम्ही अढी समजा. पेंढ्यात आंबे घातले की रोज हात घालून चाचपतो ना आपण? तयार झालेला वर काढायचा, डागी निघाला तर लगेच बाजूला करायचा. अढी घालून कुणी कुलूप लावून मुंबईला जात नाही. दर आठवड्याला दोन या हिशोबाने ६७ सिनेमे आठ महिन्यांत संपतात. पण मला वाटतं तुम्हाला एवढा वेळ लागू नये. त्यातले वीसेक सिनेमे तुम्हाला मुळात बघायचेच नाहीत, हे पहिल्या पंधरा मिनिटांत कळेल. त्यांच्यासाठी स्वतःला शिक्षा करू नका. तालुक्याच्या वाचनालयाला द्या, मित्राला द्या. अर्ध्यावर बंद केलेला सिनेमा पूर्ण करण्यासाठी आयुष्यात कुणी परीक्षा घेत नाही.

ठेवण्याबद्दल थोडक्यात सांगतो. डिस्क पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, एकीवर एक आडव्या नकोत. पावसाची झड लागते त्या भिंतीला कपाट नको. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. निळे मणी गुलाबी पडले की स्वयंपाकात न वापरायच्या जुन्या तव्यावर मंद आचेवर, खिडकी उघडी ठेवून तापवले की पुन्हा निळे होतात. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, त्यामुळे घरात लहान मूल असेल तर जपून. आमच्या वेळी कॅसेटींच्या कपाटात पंधरा वॉटचा पिवळा दिवा दिवसरात्र जळत ठेवायचो, त्याच्या उबेने ओल धरायची नाही. हल्लीचे एलईडी दिवे गरमच होत नाहीत, तेव्हा तो उपाय गेला. डिस्क पुसायची ती मधून कडेकडे सरळ, गोल गोल कधीच नाही. आणि खालचा खण रिकामा सोडा. देवगडला चिपळूणसारखी वाशिष्ठी नदी नाही हे खरं. पण २२ जुलै २०२१ ला चिपळुणात माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या घरात छातीएवढं पाणी आलं. त्याचा सगळा संग्रह खालच्या दोन खणांत होता आणि वरच्या खणात लग्नातली भांडी होती. भांडी वाचली.

हे सगळं करून ठेवायचं कशाला, असा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो आहेच. रेंज सुधारेल, तेव्हा सगळं मोबाइलवर मिळेल ना? नाही मिळणार. हक्कांची मुदत संपली की सिनेमा तिथून एका रात्रीत नाहीसा होतो. आणि सिनेमा नाहीसा होण्याची आपल्याला तशी जुनी सवय आहे. फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चा आज काही भागच शिल्लक आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मची कित्येक रिळं जळून गेली, त्यात प्रभातचीही होती. तुमच्या कपाटाने काही राष्ट्रीय ठेवा वाचणार नाही. पण २००५ सालचा एखादा मराठी सिनेमा, जो आज कुठेच दाखवत नाहीत, तो देवगड तालुक्यात एका घरात लागतो, याची मला तरी गंमत वाटते.

आता रविवारच्या सेलचं. घेऊ नका.

एकही सिनेमा न पाहता १४ चा संच म्हणजे मोहोर नव्हे, नुसती पालवी बघून बाग घेण्यासारखं आहे. त्याच दिग्दर्शकाचा एक सुटा सिनेमा मागवा, त्याच्या चांगल्या काळातला, आणि बघा. आवडला तर दुसरा. दोन्ही आवडले तर संच पुढच्या सेलला घ्या. सेल पुन्हा लागतो, माझ्या अनुभवात तो लागला नाही असं कधी झालेलं नाही. 'शेवटच्या काही प्रती' हे दुकानदार कधीपासून म्हणतात, विचारू नका. मी स्वतः म्हणायचो, आणि मागच्या खोलीत सहा कॅसेटी असायच्या. खरोखरच मर्यादित प्रती निघतात, संपतात आणि मग दुप्पट भावाने विकल्या जातात, असंही होतं, ते मी नाकारत नाही. पण तुमच्याकडे ६७ सिनेमे पडून असताना चौदा हुकले तर त्या चौदांचं काही नुकसान होणार नाही. आणि घ्याल तेव्हा पाठीवरचं अक्षर बघा. परदेशी संच असेल तर तो ए किंवा बी चा असण्याचीच शक्यता जास्त आहे. ११ हजारांत टपाल आणि कस्टम्स धरलंय का, तेही विचारा.

राहिला फ्रीज.

तुमच्या बायकोचा राग डिस्कवर आहे असं मला वाटत नाही. राग असता तर ती बोलली असती. ती पार्सल फ्रीजवर ठेवते, म्हणजे ते तुमचं एकट्याचं आहे असं तिने मानलंय. घरात येणारी ही एकच वस्तू अशी, जिच्यात तिला कुणी काही विचारलेलं नाही. २१२ मधला एक तरी सिनेमा तिने निवडलाय का? लिहिताना तुम्ही कुठे म्हटलं नाहीत. पुढच्या तीनपैकी एक तिला घेऊ द्या, तिनेही न पाहिलेला, आणि तुम्ही तोंड न वाकडं करता शेवटपर्यंत बघा. तिच्या हातून साका निघाला तर तुमच्या साक्यांविषयी ती जरा मऊ होईल. चांगला निघाला तर तुमची पंचाईत आहे, मग तुम्हाला रोज तिला विचारावं लागेल. आमच्या घरी असंच झालं. माझ्या कपाटातले निम्मे ठेवण्यासारखे सिनेमे हिने निवडलेत, आणि ती ते मला अधूनमधून ऐकवते.

आणि आईचं. "ह्या सगळा बघतलंस कधी?" हे तुम्ही टोमणा म्हणून लिहिलंय. मला त्यात दुसरंही काही ऐकू आलं. गणपतीला चाकरमानी आले की आमच्याकडून व्हीसीआर, कलर टीव्ही आणि तीन कॅसेटी भाड्याने जायच्या, आणि दुसऱ्या दिवशी परत आणून देणारी माणसं सांगायची की सगळे पेंगले, शेवटपर्यंत जागी होती ती म्हातारी एकटी. तुमच्या त्या ६७ काढून ओटीवर पसरा आणि आईला बोलवा. एखादा तिच्या तरुणपणातला निघाला, तर आजच रात्री लावा, वीज आहे तोवर.